दुखण्याची गोळी आणि क्षयाचा जंतू

धारवाडच्या संगोळ्ळी रायण्णा नगरात सोनिया एज्युकेशन ट्रस्टचे फार्मसी महाविद्यालय आहे. क्षयाच्या जंतूला रोखू शकतील असे नवे रेणू तिथल्या औषधरसायन विभागात गेली अनेक वर्षे बनवले जात आहेत. रेणू धारवाडात बनतात, त्यांची परीक्षा मात्र होते पाऊणशे किलोमीटरवर बेळगावात, मराठा मंडळाच्या नाथाजीराव हलगेकर दंतवैद्यक महाविद्यालयातल्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत. दातांच्या कॉलेजात क्षयाचे जंतू कशाला, असे कुणालाही वाटेल. पण या भागातल्या फार्मसी कॉलेजांचे शोधनिबंध चाळले, तर शेवटच्या आभारात या प्रयोगशाळेचे नाव पुनःपुन्हा भेटते.

धारवाडच्या या रेणूंच्या सांगाड्यात पायरोल नावाचे पाच अणूंचे एक कडे असते: चार कार्बन आणि एक नायट्रोजन. हे कडे औषधशास्त्राला जुने ओळखीचे आहे. संधिवातावरच्या टोल्मेटिन या औषधाचा गाभा तोच. दात काढल्यावर डेंटिस्ट जी केटोरोलॅकची गोळी लिहून देतात, तिच्यातही हेच कडे दुसऱ्या एका कड्याला चिकटून बसलेले असते. टोल्मेटिन आणि केटोरोलॅक ही दोन्ही वेदना आणि सूज कमी करणारी औषधे, ब्रुफेन आणि व्होव्हेरानच्या कुळातली. मग सूज उतरवणाऱ्या औषधांच्या सांगाड्यातून जंतू मारणारे औषध निघू शकते का? जगभरच्या प्रयोगशाळा सध्या हा प्रश्न गांभीर्याने विचारत आहेत. धारवाडचे काम त्याच्या अगदी शेजारचे आहे.

आधी सूज उतरते कशी ते पाहू. जखम झाली, सांधा दुखावला की आपल्या पेशी प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायने तयार करतात. त्यांच्यामुळे तिथला भाग लाल होतो, सुजतो, ठणकतो आणि अंगात ताप भरतो. ही रसायने बनवायला पेशींना कॉक्स नावाचे विकर लागते. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, मेफेनॅमिक ॲसिड ही सगळी मंडळी त्या विकराचे तोंड बंद करतात. ॲस्पिरिन नेमके हेच करते, हे इंग्लंडच्या जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवले आणि १९८२ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. इथे एक अडचण लगेच लक्षात येते. जंतूंकडे कॉक्स नसते. ज्या विकरावर ही औषधे चालतात ते विकरच ज्याच्याकडे नाही, त्या जंतूला त्यांनी अपाय व्हावाच कसा?

तरीही या दोन जातींच्या औषधांमधली ये-जा फार जुनी आहे. विशेष म्हणजे ज्या तर्काच्या बळावर कुणी ही सीमा ओलांडली, तो तर्क नंतर बहुतेक वेळा चुकीचा ठरला.

१८७४ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ हेरमान कोल्बे यांनी सॅलिसिलिक ॲसिड स्वस्तात बनवायची रीत काढली. अन्न टिकवण्यासाठी आणि जंतुनाशक म्हणून ते त्याचा जोरात प्रचार करत होते. पुढच्याच वर्षी स्वित्झर्लंडमधल्या सेंट गालेन इथे कार्ल बुस या डॉक्टरांनी ते विषमज्वराच्या रुग्णांना पोटातून दिले. बाहेर जंतू मारते तर आतही मारेल, हा त्यांचा हिशेब. विषमज्वराचा जंतू काही मेला नाही, पण ताप उतरला. १८७६ मध्ये बर्लिनच्या फ्रांझ श्ट्रिकर यांनी ते संधिज्वरावर वापरले आणि सांध्यांचा ठणका थांबला. पुढे बायर कंपनीत फेलिक्स हॉफमान यांनी त्याचे सौम्य रूप बनवले, १८९९ मध्ये ते ॲस्पिरिन नावाने बाजारात आले. म्हणजे वेदनाशामकांचे हे घराणेच मुळात एका फसलेल्या जंतुनाशकातून जन्मले.   

सोन्याची कथा तर याहून वळणावळणाची. रॉबर्ट कॉख यांनी १८९० मध्ये सांगितले की सोन्याचे सायनाइड काचेच्या बशीत क्षयाच्या जंतूंची वाढ थांबवते. त्या आधारावर १९२० च्या दशकात क्षयरोग्यांना सोन्याच्या क्षारांची इंजेक्शने दिली जाऊ लागली. फायदा संशयास्पद, त्रास मात्र खरा. फ्रान्समधल्या झाक फॉरेस्तिए यांना वाटत होते की संधिवात हाही क्षयासारखाच एखादा जंतुविकार असावा. म्हणून १९२९ मध्ये त्यांनी सोने संधिवाताच्या रुग्णांना दिले आणि ते लागू पडले. संधिवात जंतूंमुळे होत नाही हे पुढे कळले, पण सोने संधिवाताचे औषध म्हणून राहिले. तोंडाने घ्यायचे त्याचे रूप, ऑरॅनोफिन, अमेरिकेत १९८५ मध्ये मंजूर झाले. आणि २०१२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या संशोधकांना आढळले की आमांशाच्या अमिबाला हेच ऑरॅनोफिन मारते. त्यानंतर तीनच वर्षांत ते पू करणाऱ्या स्टॅफिलोकॉकसवर आणि क्षयाच्या जंतूवरही चालते असे दिसले. ते जंतूंमधले थायोरेडॉक्सिन रिडक्टेज नावाचे विकर पकडते. सव्वाशे वर्षे फिरून सोने पुन्हा क्षयाच्या जंतूपाशी आले, या वेळी नेमके कारण हातात घेऊन.

स्वीडनच्या नाना स्वार्त्झ यांनाही संधिवात जंतूंचा आजार वाटत होता. १९३० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी एक जोडरेणू बनवून घेतला: एका टोकाला जंतुनाशक सल्फा औषध, दुसऱ्या टोकाला ॲस्पिरिनचे नातेवाईक. सल्फासालाझिन. हे औषध आजही संधिवाताला आणि मोठ्या आतड्याच्या सुजेला दिले जाते. इथेही तर्क पडला आणि औषध टिकले.

या सगळ्यांत मला सर्वांत मोलाची वाटते ती स्वीडनच्याच योर्गेन लेमान यांची गोष्ट, कारण दुखण्याच्या औषधाचा रेणू हेतुपूर्वक बदलून जंतूंचे औषध करण्याचे काम पहिल्यांदा त्यांच्या हातून यशस्वी झाले. १९४० मध्ये अमेरिकेच्या ड्यूक विद्यापीठातल्या फ्रेडरिक बर्नहाइम यांनी एक छोटीशी नोंद छापली. क्षयाच्या जंतूंना सॅलिसिलेट, म्हणजे सॅलिसिलिक ॲसिडचा क्षार, दिले की ते कितीतरी जास्त ऑक्सिजन ओढतात, इतकेच तिच्यात होते. लेमान यांनी ती वाचली आणि विचार केला की जंतूला हा पदार्थ इतका हवासा असेल, तर त्याच्यासारखाच दिसणारा पण किंचित वेगळा पदार्थ देऊन जंतूचे गाडे अडकवता येईल. सॅलिसिलिक ॲसिडच्या कड्यावर, आम्लगटाच्या बरोबर समोरच्या जागी, एक अमिनो गट बसवायचा. १९४३ मध्ये त्यांनी फेरोसान या कंपनीला तसे कळवले. १९४४ मध्ये गोथेनबर्गच्या रुग्णांना औषध मिळाले आणि १९४६ च्या जानेवारीत 'लॅन्सेट'मध्ये निबंध आला. पॅरा-अमिनोसॅलिसिलिक ॲसिड, डॉक्टरांच्या तोंडी 'पास'.

पास एकटे फार जोरकस नव्हते. रोज दहा-बारा ग्रॅम गिळावे लागे, पोट बिघडे, मळमळे. पण ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या १९५० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले की स्ट्रेप्टोमायसिन या क्षयाच्या औषधाबरोबर पास दिले, तर जंतू स्ट्रेप्टोमायसिनला सहजासहजी निर्ढावत नाहीत. क्षयाला एकच औषध कधी द्यायचे नाही, हा आजचा नियम तिथून आला. मद्रासच्या क्षयरोग औषधोपचार केंद्राने १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात झोपडपट्टीतल्या रुग्णांना घरीच आयसोनियाझिड हे क्षयाचे दुसरे औषध आणि पास देऊन पाहिले आणि निकाल सॅनेटोरियमइतकाच चांगला आला. तोवर क्षय म्हणजे घर सोडून कोरड्या हवेच्या जागी महिनोन्‌महिने जाऊन राहणे. मिरजेजवळचे वानलेसवाडीचे आरोग्यधाम आपल्याकडच्या जुन्या पिढीला त्यासाठीच ठाऊक होते. मद्रासच्या त्या निकालाने जगभर सॅनेटोरियमची सक्ती संपवली. दुखण्याच्या औषधाच्या पोटी जन्मलेल्या एका रेणूचा त्यात निम्मा वाटा होता.

आणि लेमान यांचा तर्क? तोही पुरता बरोबर नव्हता. पास क्षयाच्या जंतूला नेमके कसे मारते याचा उलगडा २०१३ च्या सुमारास झाला. जंतू स्वतःसाठी फोलेट हे जीवनसत्त्व बनवतो. त्या कामाचा कच्चा माल दिसायला पाससारखा असतो. जंतू पासलाच कच्चा माल समजून घेतो आणि त्याचे फोलेट खोटे निघते. सॅलिसिलेटच्या हव्यासाशी याचा थेट संबंध नाही. सत्तर वर्षे डॉक्टर औषध देत होते आणि रुग्ण बरे होत होते, त्या औषधाचे कारण मात्र चुकीचे शिकवले जात होते.

आज या शोधाची घाई का, ते थोडक्यात सांगतो. २०१९ मध्ये औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे जगात १२ लाख ७० हजार माणसे थेट दगावली, असा 'लॅन्सेट'मध्ये आलेला अंदाज आहे. जगातल्या दर चार क्षयरोग्यांपैकी सुमारे एक भारतात आहे. २०१२ च्या सुरुवातीला मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी चार रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्या चौघांचे जंतू तपासलेल्या एकाही औषधाला दाद देत नव्हते. त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकेत मंजूर झालेले बेडाक्विलिन हे जवळजवळ चाळीस वर्षांतले क्षयावरचे पहिले नव्या जातीचे औषध. प्रतिजैविकांत कंपन्यांना फारसा नफा दिसत नाही. अशा वेळी कोट्यवधी लोकांच्या पोटात जाऊन आलेले रेणू पुन्हा तपासून पाहणे हा शहाणपणाचाच मार्ग आहे.

तपासल्यावर काय दिसले? कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठात सुजाता दस्तिदार आणि नोतन दत्ता यांच्या गटाने २००० च्या दशकात दाखवले की डायक्लोफेनॅक अनेक जंतूंची वाढ रोखते, आणि क्षय झालेल्या उंदरांना स्ट्रेप्टोमायसिनबरोबर दिल्यास एकट्या स्ट्रेप्टोमायसिनपेक्षा बरा परिणाम होतो. २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या वॉलोंगॉंग विद्यापीठाच्या संशोधकांनी त्यामागचे एक कारण पकडले. जंतूचा डीएनए दुप्पट होताना दोऱ्यात ओवलेल्या बांगडीसारखे एक प्रथिनाचे कडे डीएनएवरून सरकत जाते आणि नक्कल करणाऱ्या विकराला निसटू देत नाही. कारप्रोफेन, ब्रोमफेनॅक, व्हेडाप्रोफेन ही सूजरोधक औषधे त्या कड्यावर, विकर जिथे धरते नेमक्या त्याच खाचेत जाऊन बसतात. न्यूयॉर्कच्या कार्ल नेथन यांच्या गटाला २०१२ मध्ये ऑक्सिफेनब्युटाझोन हे जुने संधिवाताचे औषध सापडले. वाढ थांबवून निपचित पडलेल्या क्षयजंतूंनाही ते मारते. असे झोपलेले जंतू नेहमीच्या औषधांना सहज सापडत नाहीत आणि क्षयाचा उपचार महिनोन्‌महिने लांबतो त्याचे हे मोठे कारण. पर्ड्यू विद्यापीठातल्या मोहम्मद सेलीम यांच्या गटाने सेलेकॉक्सिब हे सूजरोधक औषध त्वचेवरच्या चिवट स्टॅफिलोकॉकसवर मलम म्हणून तपासले.

हे वाचून कुणी घरातली गोळी शोधू लागण्याआधी एक हिशेब पाहायला हवा. डायक्लोफेनॅकची ५० मिलिग्रॅमची गोळी घेतल्यावर रक्तात त्याचे प्रमाण जास्तीत जास्त दर मिलिलिटरला दीड-दोन मायक्रोग्रॅम होते. जंतू थांबवायला प्रयोगशाळेत लागले ५० ते १००. म्हणजे तीसपट, पन्नासपट. शिवाय रक्तातले ९९ टक्क्यांहून अधिक डायक्लोफेनॅक प्रथिनांना चिकटून असते, जंतूच्या वाट्याला उरते ते नगण्य. आयब्युप्रोफेनची कथा याहून वेगळी नाही. ४०० मिलिग्रॅमने रक्तात तीसेक मायक्रोग्रॅम मिळतात, तर कॅन्डिडा बुरशी मारायला बशीत हजारो लागले. इतका डोस कुणाला दिला तर जंतूच्या आधी मूत्रपिंडे जातील. म्हणून मूळ गोळी जशीच्या तशी कामाची नाही आणि म्हणूनच रसायनशास्त्रज्ञ लागतो. जंतूवरचा तो क्षीण परिणाम धरून रेणूला असा बदलायचा, की थोड्या मात्रेत काम व्हावे.

बदलायचा कुठे? आयब्युप्रोफेन, नॅप्रोक्सेन, डायक्लोफेनॅक, मेफेनॅमिक ॲसिड या सगळ्यांच्या एका टोकाला आम्लगट असतो. देशभरच्या फार्मसी कॉलेजांतले एम. फार्म.चे विद्यार्थी त्याच टोकाला हात घालतात. गोल बुडाच्या चंबूत औषधाची भुकटी, मिथेनॉल आणि सल्फ्युरिक ॲसिडचे चार थेंब घालायचे, वर पाण्याने थंड होणारा कंडेन्सर लावायचा आणि काही तास उकळत ठेवायचे. आम्लाचे एस्टर होते. मग त्यात हायड्राझिन हायड्रेट घालून पुन्हा रिफ्लक्सला, म्हणजे तसेच उकळायला, लावायचे. हायड्राझिन विषारी, त्यामुळे हे काम धूर खेचणाऱ्या कपाटातच. थंड झाल्यावर पांढरे स्फटिक खाली बसतात, ते हायड्राझाइड. दर तासाला काचेच्या बारीक नळीने एक ठिपका पातळ थराच्या पट्टीवर टाकून अतिनील दिव्याखाली पाहायचे. जुना ठिपका नाहीसा झाला की प्रक्रिया संपली. हायड्राझाइड हाताशी आले की त्यातून ऑक्साडायाझोल, ट्रायाझोल अशी नायट्रोजनची कडी बांधता येतात.

हायड्राझाइडच का, याचे उत्तर क्षयाच्या इतिहासातच आहे. क्षयावरचे सर्वांत प्रसिद्ध औषध आयसोनियाझिड हे स्वतः एक हायड्राझाइड आहे. १९१२ मध्ये प्रागमध्ये पदवीसाठी ते कुणीतरी बनवले आणि चाळीस वर्षे ते रसायनशास्त्राच्या कपाटात पडून राहिले. १९५२ च्या सुमारास तीन कंपन्यांना एकमेकींच्या नकळत कळले की हे क्षयावर जालीम आहे. तेव्हापासून क्षयाचे औषध शोधणाऱ्याचा हात हायड्राझाइडकडे आपोआप वळतो.

धारवाडचे काम इथे येऊन मिळते. त्या फार्मसी महाविद्यालयातल्या श्रीनिवास जोशी आणि सहकाऱ्यांचा एक निबंध २००८ मध्ये 'युरोपियन जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्री'त आला. कर्नाटक विद्यापीठाचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक जी. एस. गडगीनमठ हेही त्याचे सहलेखक. पायरोलचे कडे बेन्झोइक ॲसिडला जोडून त्याचे हायड्राझाइड करायचे आणि त्यापासून ऑक्साडायाझोल, ट्रायाझोल असे पुढचे रेणू बांधायचे, हा त्यातला गाभा. हे रेणू कुठल्या वेदनाशामक गोळीपासून थेट बनवलेले नाहीत, हे स्पष्ट सांगायला हवे. नाते आहे ते सांगाड्याचे आणि रीतीचे. पायरोल आणि सूजरोधक औषधे यांची सांगड रोममध्ये याहून ठळकपणे घातली गेली. तिथे मारियान्जेला बियावा यांच्या गटाने पायरोलच्याच सांगाड्यावर एका बाजूला क्षयाविरुद्धचे बीएम-२१२ चे कुटुंब वाढवले आणि दुसऱ्या बाजूला कॉक्स-२ रोखणारी सूजरोधके बांधली. दोन्ही रेणू शेजारी ठेवले तर भावंडे वाटतात.

धारवाडच्या गटाने पुढे संगणकाचीही मदत घेतली. क्षयाच्या जंतूचे कवच मेणचट असते, मायकोलिक ॲसिड नावाच्या लांबलचक चरबीचे. ती चरबी बनवणाऱ्या साखळीत इनएचए नावाचे विकर आहे. त्याचा त्रिमितीय आकार माहीत असल्याने संगणकावर त्याच्या खाचेत नवा रेणू बसवून पाहता येतो, बसला तर किती घट्ट याचा अंदाज येतो. मग चंबू पेटवायचा. बनलेला रेणू खरोखर तोच आहे का, याची खात्री करायला वर्णपट काढावे लागतात. त्यासाठी या भागातल्या कॉलेजांना कर्नाटक विद्यापीठाचे वैज्ञानिक उपकरण केंद्र, सगळ्यांच्या तोंडी असलेले 'यूसिक', मोठा आधार आहे. लहान गावातल्या संशोधनाला असा एखादा सामायिक आधार असला-नसला, याने फार फरक पडतो.

आता बेळगाव. क्षयजंतूची चाचणी बहुधा अशी होते. शहाण्णव खळग्यांची, तळहातावर मावेल एवढी प्लास्टिकची पट्टी घेतात. पहिल्या खळग्यात नव्या रेणूचे सर्वांत दाट द्रावण, पुढच्यात निम्मे, त्यापुढे त्याचेही निम्मे. रेणू पाण्यात विरघळत नसल्याने डायमिथिल सल्फॉक्साइड वापरावे लागते, आणि ते स्वतः जंतूंना घातक नाही ना हे पाहायला एक खळगा नुसत्या त्याच्यासाठी राखतात. सगळ्यांत एच-३७-आरव्ही जातीचे क्षयजंतू टाकतात. जगभरच्या प्रयोगशाळांत वापरली जाणारी ही जात ज्या मूळ जातीतून निघाली, ती अमेरिकेतल्या ट्रुडो सॅनेटोरियममध्ये १९०५ मध्ये एका रुग्णापासून मिळाली होती. पट्टी ३७ अंशांवर पाच ते सात दिवस ठेवतात, क्षयाचा जंतू मंदगती आहे. मग प्रत्येक खळग्यात ॲलामार ब्लू नावाचा निळा रंग घालतात. जिवंत जंतू त्याचा गुलाबी करतात. दुसऱ्या दिवशी पट्टी पाहिली की निळे संपून गुलाबी कुठे सुरू झाले ते डोळ्यांना दिसते. शेवटच्या निळ्या खळग्यातले प्रमाण म्हणजे त्या रेणूची किमान रोधक मात्रा. तुलनेसाठी सांगतो, आयसोनियाझिडला ही मात्रा दर मिलिलिटरला ०.२ मायक्रोग्रॅमहूनही कमी पुरते.

इथवरचे काम धारवाड-बेळगावसारख्या गावांत उत्तम होऊ शकते, होतेही. खरी अडचण पुढे सुरू होते. बशीत जंतू थांबला म्हणजे औषध मिळाले असे नव्हे. तोच रेणू माणसाच्या पेशींनाही मारत असेल, तर त्याचा उपयोग काय? यकृत त्याचे तुकडे किती वेगाने करते, तो फुफ्फुसात पोहोचतो का, क्षय झालेल्या उंदरात काय करतो, हे प्रश्न उरतात. त्यासाठी प्राणी, जैवसुरक्षित प्रयोगशाळा, वर्षे आणि पैसा लागतो. लहान कॉलेजाकडे यातले काहीच पुरेसे नसते. म्हणून असे असंख्य रेणू एका शोधनिबंधाच्या तक्त्यात जन्मतात आणि तिथेच राहतात. आपल्याकडच्या पुष्कळ निबंधांत तर नुसती बशीतल्या वर्तुळाची रुंदी मिलिमीटरमध्ये देऊन 'उत्तम परिणाम' असे लिहिलेले असते. माणसाच्या पेशींवर चाचणी नाही, किमान मात्रा नाही. मला हे बरोबर वाटत नाही. त्या रेणूवर विद्यार्थ्याने वर्ष घालवलेले असते, त्याला निदान पुढच्या पायरीचा एक तरी प्रश्न विचारला जायला हवा.

'जुने औषध नव्या कामी' हे शब्द ऐकले की एक गैरसमज सहज होतो. जुनी गोळी जशीच्या तशी नव्या आजारावर वापरायची असेल, तर तिची विषारीपणाची तपासणी आधीच झालेली असते, वाट खरोखर लहान होते. पण रेणूत एक कडे जरी बदलले, तरी तो कायद्याच्या आणि शरीराच्या नजरेत नवा रेणू असतो. आयब्युप्रोफेन सुरक्षित म्हणून त्याचे ऑक्साडायाझोलही सुरक्षित, असे म्हणता येत नाही. मूळ औषधाचीसुद्धा सुरक्षितता ज्याच्या-त्याच्या शरीराची असते. डायक्लोफेनॅक माणसाला चालते, पण ते दिलेल्या गुरांचे मांस खाऊन गिधाडांची मूत्रपिंडे निकामी झाली. २००४ मध्ये हे सिद्ध झाले आणि २००६ मध्ये भारताने जनावरांसाठी त्यावर बंदी घातली, तोवर आकाश रिकामे व्हायला आले होते.

जशीच्या तशी गोळी वापरण्याची वाटही बंद नाही, पण तिचे लक्ष्य जंतू नसून रुग्णाचे शरीर आहे. क्षय मेंदूच्या आवरणात गेला की जंतूइतकीच शरीराची स्वतःची सूजही घात करते, रक्तवाहिन्या बंद पडून अर्धांगवायू होतो. लखनऊच्या संजय गांधी संस्थेत उषाकांत मिश्रा आणि जयंती कलिता यांनी अशा ११८ रुग्णांची चाचणी घेऊन २०१० मध्ये ती प्रसिद्ध केली. क्षयाच्या नेहमीच्या औषधांबरोबर रोज १५० मिलिग्रॅम ॲस्पिरिन मिळालेल्यांत तीन महिन्यांतले मृत्यू सुमारे २२ टक्के होते, न मिळालेल्यांत ४३ टक्के. व्हिएतनाममध्ये १२० रुग्णांवर पुढे झालेल्या चाचणीतून इतके ठाम उत्तर निघाले नाही. त्यामुळे हा उपचार अजून डॉक्टरांच्या देखरेखीतलाच आहे, घरी ठरवायचा नाही.

घरी ठरवायचा नाही याला आणखी एक कारण आहे. ई. कोलाय या जंतूला सॅलिसिलेट मिळाले की त्याच्या आतला एक दट्ट्या निघतो आणि पेशीतून औषध बाहेर फेकणारे पंप वाढतात. अशा जंतूवर अनेक प्रतिजैविके कमी चालतात. १९९० च्या दशकापासून हे माहीत आहे. म्हणजे त्याच कुळातला एक रेणू एका जंतूला मारू शकतो आणि दुसऱ्याला सावध करू शकतो. प्रतिजैविकाच्या कोर्समध्ये कॉम्बिफ्लॅम आपल्या मनाने वाढवणे किंवा डेंग्यूच्या तापात ॲस्पिरिन-आयब्युप्रोफेन घेणे टाळायलाच हवे. डेंग्यूत तर रक्तस्रावाचा धोका थेट वाढतो.

पुन्हा धारवाडच्या पायरोलकडे येतो, कारण त्याच्याबाबत एक प्रश्न तातडीने विचारण्यासारखा आहे. आयसोनियाझिड जंतूत शिरते तेव्हा ते निष्क्रिय असते. जंतूचे कॅटजी नावाचे विकर त्याला सक्रिय करते आणि मग ते इनएचएला बांधून टाकते. आयसोनियाझिडला निर्ढावलेल्या बहुतेक जंतूंत कॅटजीच बिघडलेले असते. नवा रेणू संगणकात दिसतो तसा खरोखर इनएचएच्या खाचेत स्वतःहून बसत असेल, तर कॅटजी बिघडलेल्या जंतूंवरही तो तितकाच चालला पाहिजे. चालला नाही, तर तो रेणू मारतो आहे, पण आपण समजतो त्या कारणाने नाही. कोल्बेपासून लेमानपर्यंत सगळ्यांच्या बाबतीत कारण नंतर, कित्येक दशकांनी कळले. ही चाचणी तशीच निळ्या-गुलाबी पट्टीवर होते, फक्त नेहमीच्या जातीच्या शेजारी कॅटजी बिघडल्यामुळे आयसोनियाझिडला न जुमानणारी जात ठेवावी लागते. इनएचएचे विकर शुद्ध करून त्याच्यावर रेणू थेट तपासणे ही त्यापुढची पायरी. कारण इतक्या लवकर तपासता आले, तर त्या सांगाड्यावर पुढची वर्षे घालवायची की दुसरा घ्यायचा, हे उंदरांपर्यंत जाण्याआधीच ठरवता येईल.